एमके ७५: खासबागेच्या गच्चीवरून

बेळगावच्या खासबागेतल्या एखाद्या गच्चीवर उभं राहून पाच वॅटच्या हॅण्डीवरून, म्हणजे हातात मावणाऱ्या रेडिओ संचावरून, हाक मारली, तर ती कुठवर जाईल? वडगाव, शहापूर, अनगोळपर्यंत पोचेल. मधे उंच इमारत आली नाही तर येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभा असलेला माणूसही ऐकेल. निपाणीची मात्र आशा धरू नये. १४५ मेगाहर्ट्झची लहर जवळपास सरळ रेषेत जाते आणि वाटेतल्या टेकड्या व पृथ्वीची गोलाई तिला पुढे जाऊ देत नाहीत. आता तीच हॅण्डी घ्या, बॅटरीही तीच ठेवा. फक्त रबरी दांडीची अँटेना काढून हातात धरायची, काड्यांची यागी अँटेना जोडा आणि ठरलेल्या मिनिटाला ठरलेल्या दिशेला, आकाशाकडे रोखा. पलीकडून मस्कतचा माणूस उत्तर देऊ शकतो, किंवा ढाक्याचा. मधे मोबाइल कंपनीचा टॉवर नसतो, इंटरनेट नसतं, महिन्याचं बिल नसतं. मधे असतो सहाशे-सातशे किलोमीटर उंचीवरून जाणारा एक लहानसा उपग्रह, आणि तोही हौशी लोकांसाठीच सोडलेला.

हौशी रेडिओ, म्हणजे ज्याला सगळे हॅम रेडिओ म्हणतात, तो आपल्याकडे आठवतो तो संकटाच्या बातम्यांत. भूकंप झाला, वादळ आलं, फोन बंद पडले की हॅम लोकांचं नाव पेपरात येतं. त्यांच्या उपग्रहांबद्दल मात्र मराठीत फारच कमी लिहिलं गेलं आहे. या गोष्टीत पुण्याच्या विद्यार्थ्यांचा वाटा आहे, बेंगळुरूचा आहे, आणि बेळगाव-निपाणीच्या पट्ट्याची तर एक खास जागाच आहे. म्हणून हा लेख.

सुरुवात १९६१ ची. स्पुटनिकला चारच वर्षं झाली होती. कॅलिफोर्नियातल्या काही हॅम मंडळींनी साडेचार किलोची एक पेटी बनवली आणि अमेरिकी हवाई दलाच्या रॉकेटवर तोल साधायला ठेवलेल्या वजनाच्या जागी ती बसवून घेतली. १२ डिसेंबर १९६१ ला ऑस्कर-१ कक्षेत गेला. तो एकच शब्द पाठवायचा: मोर्समध्ये ‘हाय’. चार टिंबं, मग दोन टिंबं. त्या टिंबांचा वेग पेटीच्या आतल्या तापमानावर अवलंबून ठेवला होता, त्यामुळे घड्याळ लावून टिंबं मोजणाऱ्याला अवकाशातल्या पेटीचं तापमान कळायचं. २२ दिवसांत २८ देशांतल्या ५७० हून अधिक हौशी लोकांनी तो ऐकून नोंदी पाठवल्या. या छंदाचा पाया तिथेच घातला गेला असं मला वाटतं. पहिल्या उपग्रहाशी कुणाला बोलताच येत नव्हतं. त्याला फक्त ऐकायचं होतं, आणि काय ऐकलं ते नीट लिहून ठेवायचं होतं.

आजही हाच क्रम पाळावा लागतो. सौदी अरेबियात बनलेला एसओ-५० हा उपग्रह २० डिसेंबर २००२ ला बायकोनूरहून सुटला. नवशिक्यांची पहिली ओळख बहुधा याच्याशीच होते. त्याला १४५.८५० मेगाहर्ट्झवर बोलायचं आणि तो तेच ४३६.७९५ वर परत ऐकवतो. त्याच्या प्रक्षेपकाची ताकद पाव वॅट. घरातल्या रात्रीच्या छोट्या दिव्यालाही याहून जास्त वीज लागते, आणि या पाव वॅटमध्ये तो अडीच हजार किलोमीटर त्रिज्येच्या प्रदेशाला आवाज पुरवतो. त्याला जागं करायचीही रीत आहे. ७४.४ हर्ट्झचा सूर मिसळून दोन सेकंद बटण दाबलं की दहा मिनिटांचं घड्याळ सुरू होतं. त्यानंतर ६७ हर्ट्झच्या सुरासह बोलायचं. आधीच्या कुणी त्याला जागं केलं असेल तर तेवढंही करावं लागत नाही.

अडचण वारंवारतेची येते. टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी उभं राहिलं, की जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी ऐकू येते आणि गाडी पुढे गेली की तिचा सूर उतरतो. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो, त्यामुळे त्याच्या रेडिओलहरीचंही तसंच होतं. तो क्षितिजावर येतो तेव्हा त्याचा आवाज ४३६.८०५ च्या आसपास सापडतो, डोक्यावर आला की ७९५ वर, मावळताना ७८५ वर. सरावलेले लोक हॅण्डीत वारंवारतांचे पाच कप्पे आधीच भरून ठेवतात आणि पास, म्हणजे उपग्रहाची उगवण्यापासून मावळण्यापर्यंतची फेरी, चालू असताना एकेक कप्पा खाली उतरत जातात. अँटेना एका हातात, संच दुसऱ्या हातात, कानात हेडफोन, खिशात रेकॉर्डर. लिहायला तिसरा हात नसतो, म्हणून सगळं ध्वनिमुद्रित करून नंतर लॉगबुकात उतरवायचं.

अँटेनेला फार खर्च लागत नाही. १४५ मेगाहर्ट्झची लहर दोन मीटरांच्या जरा वर भरते. तिचा अर्धा भाग, म्हणजे साधारण एक मीटर, हे मुख्य काड्यांचं माप. ४३५ साठी ते चौतीस सेंटीमीटरच्या आसपास येतं. सुताराची पोलादी मोजपट्टी कापून तिचे तुकडे वायरिंगच्या पीव्हीसी पाइपावर बसवून जगभरातल्या असंख्य मुलांनी पहिली अँटेना केली आहे. दोन्ही सामान खासबागेत चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं. अँटेना मात्र सारखी फिरवत राहावी लागते. उपग्रह कोलांट्या घेत जात असतो, त्यामुळे आवाज मधेच बुडतो. तेव्हा मनगट वळवून अँटेना आडवीची उभी केली की तो परत वर येतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही, मनगटालाच शिकावं लागतं.

गच्चीतून ऐकताना पहिली दोन मिनिटं नुसती खरखर असते. खालच्या गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट येत असतो. खासबाग-वडगावच्या विणकर वस्तीत तो दिवसभर चालतो आणि काही वेळाने कानाला त्याचं काही वाटत नाही. मग खरखर एकाएकी दबते. इतर काही ऐकू येण्याआधी ही शांतताच सांगते की उपग्रह वर आला आहे. पाठोपाठ कुणीतरी आपलं ओळखचिन्ह म्हणतं, दुसरं कुणी उत्तर देतं. चार अक्षरं, एक आकडा, ‘फाइव्ह नाइन’ म्हणजे स्वच्छ ऐकू आलं, ‘सेव्हन्टी थ्री’ म्हणजे शुभेच्छा, आणि पुढचा. एका संवादाला पंधरा सेकंद लागतात. वाहिनी एकच आणि ऐकणारे अर्ध्या खंडाएवढे, म्हणून कुणी पाल्हाळ लावत नाही. आपलाच आवाज परत ऐकू येत नसेल तर बटण सोडायचं, हा इथला पहिला शिष्टाचार आहे. जो ऐकू न येताही बोलत राहतो, तो दुसऱ्या कुणाची तरी दहा मिनिटं वाया घालवतो. मला या छंदातली ही सभ्यता सगळ्यात मोलाची वाटते. बोलण्याचा हक्क ऐकण्याने मिळवावा लागतो असं हल्ली फार थोड्या ठिकाणी उरलं आहे.

भारताचा स्वतःचा हॅम उपग्रह होता आणि तो नऊ वर्षं चालला, हे आज अनेक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसतं. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांचं हॅम पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होतं. अंदमानातून रेडिओवर जगाशी बोलण्यासाठी ते गेले होते. लाटेनंतर त्यांच्या संचावरून मुख्य भूमीकडे निरोप जाऊ लागले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, ५ मे २००५ ला, श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ सोबत ४२.५ किलोचा हॅमसॅट कक्षेत नेला. तयारी आधीपासून चालली होती, त्सुनामीमुळे तो बनला असं नाही. पण त्या वर्षी हॅम लोकांकडे देशाचं लक्ष होतं आणि त्याच वर्षी त्यांना आकाशात आपलं घर मिळालं. इस्रो आणि अॅमसॅट-इंडियाच्या हौशी मंडळींनी मिळून ते उभं केलं. आत दोन ट्रान्सपाँडर होते: एक भारतीय, दुसरा एका डच हॅमने बनवलेला. जगाच्या यादीत त्याचं नाव व्हीओ-५२ पडलं.

हॅमसॅट एसओ-५० सारखा एकवाहिनी नव्हता. ४३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला एक अख्खा तुकडा उचलून तो १४५ च्या पट्ट्यात उलटा करून मांडायचा, त्यामुळे एकाच वेळी अनेक जोड्या निवांत बोलू शकत. प्रक्षेपण एका वॅटच्या आसपास, तरी त्याचा आवाज खणखणीत, असं जुने हॅम आजही सांगतात. आयुष्य दोन वर्षांचं धरलेलं होतं. तो जवळपास पन्नास हजार प्रदक्षिणा घालत राहिला. जुलै २०१४ मध्ये त्याच्या बॅटऱ्यांनी दगा दिला आणि त्याचं काम संपलं. तेव्हापासून त्याच्या तोडीचा, दीर्घकाळ सर्वांना बोलू देणारा भारतीय हॅम उपग्रह आकाशात नाही. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरणाऱ्या देशाने ही लहान जागा इतकी वर्षं रिकामी ठेवावी याची मला खंत आहे.

ती जागा भरण्याचा एक मनापासूनचा प्रयत्न पुण्यात झाला. १८५४ साली सुरू झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सीओईपीत, २००८ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी एक किलोच्या आतबाहेरचा उपग्रह करायला घेतला. नाव ‘स्वयम्’. काम हॅम मंडळींसाठीचं: पृथ्वीवरच्या एका ठिकाणाहून पाठवलेला मजकूर दुसऱ्या ठिकाणी पोचवायचा. प्रकल्प आठ वर्षं चालला. चार वर्षांच्या पदवीला आलेली मुलं ती घेऊन बाहेर पडत, नोकरीला लागत, परदेशी जात, आणि सोल्डरिंग गन पुढच्या तुकडीच्या हाती येई. ज्यांनी पहिले आराखडे काढले ते प्रक्षेपणाच्या वेळी संसाराला लागले होते. २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून एकाच उड्डाणात वीस उपग्रह गेले. त्यांत कार्टोसॅट-२ मालिकेतला ७२७ किलोचा मुख्य उपग्रह होता आणि तळहातावर मावणारा हा ‘स्वयम्’ही.

‘स्वयम्’ची गंमत त्याच्या लोहचुंबकात आहे. उपग्रह सुटल्यावर गडगडत राहतो आणि त्याची अँटेना कुठेही वळते. मोठ्या उपग्रहांत त्याला सावरायला फिरती चाकं असतात, वीज खाणारी आणि महागडी. पुण्याच्या मुलांनी त्यात कायमचे चुंबक बसवले. होकायंत्राची सुई जशी वळते तसा हा ठोकळा पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून राहतो. डोलणं थांबावं म्हणून खास लोखंडी मिश्रधातूच्या कांड्या घातल्या. त्या आपल्यात ऊर्जा जिरवून हेलकावे कमी करतात. एका वॅटचीही गरज नाही. भारतीय उपग्रहात या पद्धतीने स्थिरता आणण्याचा हा पहिलाच प्रयोग होता. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं. म्हणून बेळगाव-पुण्यावरून जाताना असा उपग्रह बराचसा आडवा, उत्तर-दक्षिण पडलेला असतो आणि ध्रुवांकडे गेला की उभा होतो. एका प्रदक्षिणेत दोनदा कूस बदलतो, तीही आपोआप.

तीनच महिन्यांनी, २६ सप्टेंबर २०१६ ला, मुंबई आयआयटीचा दहा किलोचा ‘प्रथम’ गेला. त्याचं काम वेगळं, वातावरणाच्या वरच्या थरातले इलेक्ट्रॉन मोजण्याचं. पण त्यासाठी दोन वारंवारतांवर येणारे त्याचे संकेत जमिनीवरून ऐकणारे हवे होते, म्हणून देशातल्या इतर महाविद्यालयांनी आपापल्या गच्चीवर ग्राहक केंद्रं उभारावीत अशी कल्पना होती. पुणे आणि मुंबई, एका वर्षात दोन. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांचा हा काळ मला फार मोठा वाटतो आणि त्याची पुरेशी नोंद झालेली नाही.

कर्नाटकातही हे काम थांबलेलं नाही. बेंगळुरू आणि हैदराबादच्या महाविद्यालयांनी मिळून केलेला स्टडसॅट १२ जुलै २०१० लाच कक्षेत गेला होता. १ एप्रिल २०१९ ला पीएसएलव्ही-सी४५ च्या चौथ्या टप्प्यावर, जो एरवी काम संपल्यावर भंगारच, अॅमसॅट-इंडियाचा संदेश पुढे पाठवणारा संच बसवला होता. ३० डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० च्या अशाच टप्प्यावर चिक्कबळ्ळापूरच्या एका महाविद्यालयाचा ‘अर्पित’ हा हॅम संच होता. वाईटही घडतं. देशभरातल्या ७५ शाळांतल्या साडेसातशे मुलींचं काम असलेला ‘आझादीसॅट’ ७ ऑगस्ट २०२२ ला निघाला आणि रॉकेटने चुकीच्या कक्षेत सोडल्यामुळे हरवला. पुढच्या १० फेब्रुवारीला त्याचा दुसरा अवतार सुखरूप पोचला.

हॅम लोक उपग्रह मेला असं सहज म्हणत नाहीत, त्याला कारण एओ-७ आहे. १५ नोव्हेंबर १९७४ ला सुटलेला हा उपग्रह १९८१ मध्ये बॅटरीत शॉर्ट सर्किट होऊन मूक झाला. एकवीस वर्षं गेली. २१ जून २००२ ला इंग्लंडमधल्या एका हॅमला त्याच्या वारंवारतेवर ओळखीचे मोर्स संकेत ऐकू आले. आतलं शॉर्ट सर्किट आपोआप तुटलं होतं आणि सौरपट्ट्यांची वीज थेट ट्रान्सपाँडरला मिळू लागली होती. तेव्हापासून तो ऊन असेपर्यंत बोलतो, पृथ्वीच्या सावलीत शिरला की गप्प होतो, परत उन्हात आला की जागा होतो. २०२४ मध्ये त्याला पन्नास वर्षं झाली. साधारण साडेचौदाशे किलोमीटर उंचीवर असल्याने त्याच्यावरून खासबागेचा आवाज एसओ-५० पेक्षा बराच लांब जातो.

योगायोग असा, की १५ नोव्हेंबरलाच, २०१८ साली, कतारचा एस्हेल-२ सुटला. त्यावर हॅम लोकांसाठी राखून ठेवलेला संच आहे, क्यूओ-१०० नावाचा. तो भूस्थिर आहे, म्हणजे धावत नाही. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचा टापू त्याला सतत दिसतो. बेळगावहून तो पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ३२ अंशांवर आहे. टीव्हीची जुनी छत्री तिकडे वळवली आणि छत्रीवरचा साधा एलएनबी ग्राहक व संगणकाला जोडायचा स्वस्त ग्राहक संच लावला, की दिवसरात्र कुणी ना कुणी बोलताना ऐकू येतं. पासची वाट पाहणं नाही, डॉप्लरची, म्हणजे सरकत्या वारंवारतेची, कटकट नाही. सोय आहे खरी. माझी ओढ मात्र त्या धावणाऱ्या दहा मिनिटांकडेच जास्त आहे.

मुलांना यात आणायचं असेल तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापासून सुरुवात करावी. चारशे किलोमीटरवर असल्याने त्याचा आवाज दणदणीत येतो, आणि दिवाळीच्या दिवसांत पास तिन्हीसांजेला असला तर ते डोळ्यांनीही दिसतं. तिथून अधूनमधून १४५.८०० वर चित्रं पाठवतात, पण ध्वनीच्या रूपात. रेडिओजवळ मोबाइल धरला की अॅप त्या चिरक्या सुरांतून ओळीओळीने चित्र उमटवतं. १९८३ मध्ये ओवेन गॅरियट यांनी कोलंबिया यानातून पहिल्यांदा हॅम लोकांशी गप्पा मारल्या. कल्पना चावला आणि सुनीता विल्यम्स दोघीही परवानाधारक हॅम. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर होते, तेव्हा तिथल्या हॅम संचावरूनच त्यांनी भारतातल्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली.

आपल्या भागात हा छंद उपयोगाचा आहे का, असं कुणी विचारेलच. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि बेळगाव-कोल्हापूर वाट बंद झाली. अशा वेळी दहा मिनिटांत मावळणारा उपग्रह बचावकार्य चालवू शकत नाही. तिथे डोंगरावरचे जमिनीवरचे रिपीटर आणि लघुलहरींचे संच हवेत. पण ते संच चालवणारी माणसंही हवीत: क्षीण आवाजातून अक्षर ओळखणारी, थोडक्यात बोलणारी, बॅटरी जपणारी. उपग्रहावर रोज सराव करणारा माणूस नेमका असाच घडतो.

परवाना मात्र हवाच. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते आणि वयाची अट फक्त बारा वर्षांची. खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही, वरच्या श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने ते यावं लागतं. ऑनलाइन मिळणारा स्वस्त वॉकीटॉकी घेऊन परवान्याविना बोलणं गुन्हा आहे, आणि २०२५ मध्ये अशा विक्रीवरचे नियमही कडक झाले आहेत.

परवान्याबरोबर ओळखचिन्ह मिळतं, व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारं. त्यातला आकडा श्रेणी सांगतो, राज्य सांगत नाही. अंदमानला व्हीयू४ आणि लक्षद्वीपला व्हीयू७ असे वेगळे आकडे आहेत, बाकी देशभर चिन्हावरून माणूस कुठला हे कळत नाही. ते कळतं चौकोनावरून. हॅम लोकांनी सगळी पृथ्वी दोन अंश रुंद आणि एक अंश उंच अशा चौकोनांत वाटली आहे, आणि उपग्रहावरच्या त्या पंधरा सेकंदांत नावागावाऐवजी हा चौकोन सांगतात. खासबाग ‘माइक किलो सेव्हन फाइव्ह’, एमके ७५ मध्ये येते. त्याच चौकोनात खानापूर, धारवाड, हुबळी आहेत, आणि महाराष्ट्रातलं चंदगडही. काकती ओलांडून निपाणीच्या वाटेने गेलं की सोळावा अक्षांश लागतो आणि तिथून पुढे एमके ७६. त्यात संकेश्वर, निपाणी, गडहिंग्लज, कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली सगळी एकत्र. हा नकाशा कुणाचा वाद मिटवायला काढलेला नाही, नुसत्या अक्षांश-रेखांशांचा आहे. तरी सीमाभागात वाढलेल्या माणसाला तो पाहताना बरं वाटतं, हे मी लपवणार नाही.

जगभरात शंभर वेगवेगळे चौकोन जमवणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं. भारतातून उपग्रहावर नियमित येणारे थोडे, म्हणून आपल्याकडच्या चौकोनांना मागणी असते. त्यासाठी काही हॅम गाडीत अँटेना टाकून चौकोनामागून चौकोन हिंडतात. बेळगावच्या माणसाला हे फार सोपं आहे, कारण ७४ वा रेखांश आणि १६ वा अक्षांश एकमेकांना छेदतात तो बिंदू आंबोलीच्या अगदी जवळच्या डोंगरात आहे. एमके ७५, एमके ७६, सावंतवाडीचा एमके ६५ आणि देवगडचा एमके ६६ हे चारही तिथे भिडतात. खासबागेतून दोन तासांची वाट. जीपीएसवर तो बिंदू शोधून त्यावर उभं राहिलं आणि परवाना जवळ असला, तर एका पासमध्ये, एका हाकेत, समोरच्याला चार चौकोन देता येतात. पावसाळ्यात आंबोलीत ते जमणं कठीण. धुकं लहरींना अडवत नाही, पण पावसात यागी घेऊन उभं राहवत नाही. दिवाळीनंतर आकाश मोकळं होतं. एसओ-५० च्या वेळा हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर आधीच पाहून ठेवाव्यात, पश्चिमेकडे उतार असलेली जागा निवडावी, आणि जाताना हॅण्डीची दुसरी बॅटरी बरोबर घ्यावी.